दोन कुळांचे उंदीर

काळा रंग, उंच बांधा, पुष्कळदा जुळी करडं: उस्मानाबादी शेळीचं वर्णन धाराशिवकडच्या माणसाला करून सांगावं लागत नाही. जिल्ह्याचं नाव 2023 साली बदललं, शेळीचं मात्र तेच राहिलं. जनावर घेताना वाण आधी बघायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. प्रयोगशाळेने ती विसाव्या शतकात उचलली आणि पार टोकाला नेली. सख्ख्या बहीण-भावांचा संकर सलग 20 पिढ्या करायचा, म्हणजे सगळी पिल्लं जवळपास एकसारखी.

उंदरांच्या अशा कुळांतलं सर्वांत नावाजलेलं म्हणजे सी57 ब्लॅक6. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप ही एकेकाळची शिक्षिका हौशी लोकांसाठी उंदीर पाळून विकायची. तिच्याकडून आलेल्या 57 क्रमांकाच्या मादीपासून सी. सी. लिटल यांनी 1921 मध्ये हा वंश धरला. नॉड हे कूळ जास्त भटकं. क्लारा लिंच यांनी 1926 मध्ये लोझानहून न्यूयॉर्कला अवघे 9 उंदीर नेले. त्यांच्या वंशजांतले काही पुढे जपानला पोचले. तिथे मोतीबिंदू होणारे उंदीर निपजवताना घराण्याच्या एका फांदीत मधुमेहच निघाला! शरीराची संरक्षक फौज स्वतःवरच उलटण्याचा हा दोष. माकिनो आणि सहकाऱ्यांनी तो 1980 मध्ये जाहीर केला.

मुंबईचंही एक कूळ आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पुण्याच्या कमल रणदिवे स्तनाच्या कर्करोगाचा अनुवंशाशी आणि संप्रेरकांशी संबंध शोधत होत्या. तिथे वाढवलेला, हा कर्करोग हटकून होणारा उंदीर संस्थेच्याच नावाने आयसीआरसी म्हणून ओळखला जातो. त्याची अन्ननलिका फुगण्याकडेही कल असतो, हे नंतर ध्यानात आलं. कूळ निवडलं की न मागितलेले गुणही पदरात पडतात.

प्रोस्टेटच्या दाहाच्या अभ्यासात याचा चांगलाच प्रत्यय आला. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्याच्या एका रुग्णाकडून मिळालेला ई. कोलाय जंतू अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्लॅक6 आणि नॉड या दोन्ही कुळांना दिला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात जंतू दोघांच्याही प्रोस्टेटमध्ये वसला. पण दुखणं जडलं ते नॉडलाच, आणि जंतू गेल्यावरही ते राहिलं. अशा बहुतेक रुग्णांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत, हे डॉक्टरांचं जुनं कोडं; त्याचा एक संभाव्य उलगडा यात दिसतो. नुसत्या ब्लॅक6 वर भागवलं असतं, तर तोच जंतू निरुपद्रवी ठरला असता.