इंग्रजीच्या वर्गाचा जन्मदाखला

एम.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी खिडकीवरच्या क्लार्कनं माझ्याकडे जातीचा दाखला मागितला. मूळ प्रत, झेरॉक्स, वर सही-शिक्का. दिला. आपण पिढ्यान्‌पिढ्या दाखले देतच आलोय. पण ज्या विषयात मी शिरत होतो त्या विषयाकडे कुणीच दाखला मागितला नव्हता. बाबा रे, तुझा जन्म कुठं झाला? तुला कुणी वाढवलं? कुणासाठी वाढवलं? दोन वर्षं मी त्या वर्गात बसलो, पदवी घेतली, पण हे प्रश्न अभ्यासक्रमात कुठं भेटले नाहीत. मित्रांनो, तुमच्यातले पुष्कळजण उद्या त्याच खिडकीपुढे उभे राहणार आहेत. म्हणून हा दाखला तुमच्यापुढे ठेवतोय.

आधी वर्गातली गोष्ट सांगतो. समीक्षेच्या तासाला सरांनी एक कविता वाटली. कवीचं नाव खोडलेलं. मी विचारलं, सर, ही कुणाची? कुठली? कधीची? सर म्हणाले, नावाशी कर्तव्य नाही, समोरची संहिता बघा. मला हसावं की रडावं कळेना. आमच्या गावात तोंड उघडायच्या आत आडनाव विचारतात, आणि इथं म्हणे नावाशी कर्तव्य नाही!

पुढं सेमिनारसाठी मी दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) घेतलं. चर्चेत ऐकायला मिळालं, हा चांगला सामाजिक दस्तऐवज आहे, पण साहित्य म्हणता येईल का? त्याच वर्गात आठवडाभर आधी आम्ही वर्ड्‌स्वर्थचं ‘द प्रिल्यूड’ वाचलं होतं. १८५० साली छापलेलं, चौदा भागांचं, स्वतःच्याच बालपणाचं आणि जडणघडणीचं काव्य. त्याला कुणी दस्तऐवज म्हणालं नव्हतं. त्याचं बालपण साहित्य आणि आमचं बालपण पुरावा! हा न्याय कुठून आला, ते शोधायला मी इतिहासाची पुस्तकं उघडली.

पहिला दाखला. १८१३ च्या सनदी कायद्यानं कंपनी सरकारला इथल्या शिक्षणावर वर्षाला एक लाख रुपये खर्च करायला सांगितलं. ते संस्कृत-अरबीवर खर्चायचे की इंग्रजीवर, यावर वाद झाला. २ फेब्रुवारी १८३५ ला मेकॉलेनं आपलं टिपण लिहिलं आणि पुढच्याच महिन्यात बेंटिंकनं इंग्रजीच्या बाजूनं निर्णय दिला. मेकॉलेचं म्हणणं साधं होतं. सगळ्या जनतेला शिकवणं आपल्याला परवडत नाही. तेव्हा राज्यकर्ते आणि कोट्यवधी रयत यांच्यामध्ये दुभाष्यांचा एक वर्ग तयार करायचा, रंगानं इथला आणि आवडीनिवडीनं इंग्रज. पुढचं ज्ञान त्या वर्गातून आपोआप खाली झिरपेल.

झिरपेल! आपल्या गावात पाणी वरून खाली कधी झिरपलं होतं का? चवदार तळ्याचं पाणी प्यायला १९२७ साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन महाडला जावं लागलं. पाण्याची जी तऱ्हा तीच ज्ञानाची. जून १८५६ मध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं नाकारला. कारण काय, तर एकाला घेतलं तर बाकीचे सगळे शाळा सोडतील. पुढच्याच वर्षी, १८५७ ला, मुंबई विद्यापीठ उभं राहिलं. म्हंजे वर शेक्सपियर आणि मिल्टनचा वर्ग भरत होता आणि खाली मुळाक्षरांच्या शाळेचं दार बंद होतं.

आता गंमत बघा. लंडनच्या नव्या विद्यापीठात १८२८ पासून इंग्रजीचा प्राध्यापक होता, हे खरं. पण ऑक्सफर्डला इंग्रजी साहित्याची स्वतंत्र पदवी १८९४ साली सुरू झाली आणि केंब्रिजला १९१७ साली. तोवर त्यांच्या साहेबांच्या पोरांना ग्रीक-लॅटिन पुरत होतं. त्यांच्याकडे इंग्रजी साहित्य आधी शिकवलं ते कामगारांच्या संस्थांत, आणि समुद्रापलीकडे आपल्याकडे. ज्यांना ताब्यात ठेवायचं त्यांना आधी इंग्रजी कविता. गौरी विश्वनाथन यांनी १९८९ च्या ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात हाच इतिहास कागदपत्रांनिशी मांडलाय. धर्मात ढवळाढवळ केली तर लोक भडकतील ही सरकारला भीती होती. म्हणून बायबलचं काम साहित्याकडे दिलं.

ही लबाडी सगळ्यात आधी कुणी पकडली? जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी लेखी निवेदन दिलं. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामानं भरते आणि खर्च होते वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी सरळ सांगितलं. निदान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. आणि तरीही जोतीरावांनी इंग्रजीवर थुंकून दाखवलं नाही. १८४७ साली थॉमस पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी इंग्रजीतूनच वाचलं होतं. मेकॉलेच्या यादीत पेन नव्हता. तो जोतीरावांनी स्वतः निवडला. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरा दाखला समीक्षेचा. कवीचं नाव खोडून कविता वाटायची रीत केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्‌सची, त्याचं पुस्तक १९२९ चं. तिला पुढं अमेरिकेत ‘न्यू क्रिटिसिझम’ म्हणून मोठं केलं ते मुख्यतः दक्षिणेतल्या गोऱ्या प्राध्यापकांनी. जॉन क्रो रॅन्सम, ॲलन टेट, रॉबर्ट पेन वॉरन. संहितेपलीकडे बघू नका, लेखकाचा हेतू नको, वाचकाची भावना नको, असं त्या संप्रदायानं सांगितलं. पण याच तिघांनी १९३० साली आणखी नऊ दक्षिणी लेखकांबरोबर एक पुस्तक काढलं होतं. जुन्या शेतीप्रधान दक्षिणेची कड घेणारं. त्यातल्या वॉरनच्या लेखात काळ्यांनी वेगळं राहावं ही व्यवस्था मान्य केलेली आहे. पुढं वॉरनची मतं बदलली, १९५६ साली त्यानं वंशभेदाविरुद्ध पुस्तक लिहिलं, हेही सांगितलं पाहिजे. पण १९३८ साली त्यानं आणि क्लिएन्थ ब्रुक्सनं लिहिलेलं कविता समजून घेण्याचं पाठ्यपुस्तक कॉलेजा-कॉलेजात गेलं आणि ती वाचनाची रीत आपल्या एम.ए.च्या वर्गापर्यंत आली. रीत आली, दाखला मागंच राहिला. ज्यांच्या अंगणात गुलामीचा इतिहास पुरलेला होता त्यांच्याकडून आपण शिकलो की कवितेत इतिहास आणायचा नसतो!

जगात या वर्गाला जाब विचारला गेलाय. १९६८ साली नैरोबी विद्यापीठात न्गुगी, ओवुओर-अन्युम्बा आणि तबान लो लियाँग यांनी इंग्रजी विभागच बंद करा, अशी मागणी केली. आफ्रिकेचं साहित्य मधोमध ठेवा आणि बाकीचं त्याच्या भोवती. १९७५ साली चिनुआ अचेबेनं अमेरिकेत भाषण देऊन कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला वंशद्वेष उघडा केला. आपल्याकडेही अमेरिकेत शिकून आलेले इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी औरंगाबादला, बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात, पोरांना निग्रो साहित्याची ओळख करून दिली. तिथंच ‘अस्मिता’ निघालं, पुढं ते ‘अस्मितादर्श’ झालं. इंग्रजीच्या एका प्राध्यापकानं आपली भाषा वर न पाठवता खाली आणली. मेकॉलेला उलटं केलं ते असं.

मग काय, वर्ग सोडून द्यायचा? नाही. बाबासाहेबांकडे बघा. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. १९४६ साली त्यांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ लिहिलं आणि जोतीरावांना अर्पण केलं. प्रस्तावनेत ते मोकळेपणानं सांगतात की माझं संस्कृतवर प्रभुत्व नाही, पण हे वाङ्मय मी पंधरा वर्षं इंग्रजी भाषांतरांतून अभ्यासलंय. आणि मग पुरुषसूक्त घेतात. ओळ न्‌ ओळ तपासतात. दुसऱ्या वेदांतला पाठ शेजारी ठेवतात. विचारतात, हे कधी घुसवलं, कुणाच्या फायद्यासाठी? यापेक्षा बारीक वाचन कुठल्या एम.ए.च्या वर्गात होतं? संहिताही बघायची आणि ती लिहिणाऱ्याचा हातही बघायचा. ज्या कुलपाची किल्ली दिली नव्हती ते त्यांनी इंग्रजीच्या किल्लीनं उघडलं. माझ्या सरांनी शिकवलेली संहितेवर नजर रोखायची सवय मला खोटी वाटत नाही. ती अर्धी वाटते. उरलेला अर्धा भाग बाबासाहेबांच्या या पानांत आहे.

तेव्हा दोस्तहो, इंग्रजीला जा. न घाबरता जा, न लाजता जा, आणि हात जोडूनही जाऊ नका. शेक्सपियर वाचा, मिल्टन वाचा, आवडला तर आवडला म्हणा. पण प्रत्येक पुस्तकाला, प्रत्येक सिद्धांताला तीन प्रश्न विचारा. तुझा जन्म कुठं झाला? तुझ्या घरात राबतं कोण? आणि तुझ्या दाराबाहेर कोण उभं आहे? मुलुखाच्या पोरांना रविवारी बुद्धविहारात बसवून ही पुस्तकं मराठीत समजावून सांगा. मिळालेलं ज्ञान वर साठवून ठेवलं तर आपणही दुभाषेच ठरू, फक्त आडनावं वेगळी.

आणि उद्या कुणी म्हणालं, तुमचं लिहिणं दस्तऐवज आहे, तर शांतपणे म्हणा, होय साहेब, आहे. आता तुमचा दाखवा.

जय भीम!