जोगळटेंभीची चांदी आणि नहपानाची कथा

मुठा खोऱ्याच्या उत्तरेस मावळात कार्ल्याची लेणी आहेत. तेथील एका शिलालेखात नहपान राजाचा जावई ऋषभदत्त याने भिक्षुसंघास करजिक गाव दान दिल्याची नोंद आढळते. जुन्नरच्या मानमोडी डोंगरात नहपानाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे. आजच्या पुणे जिल्ह्यावर एके काळी क्षहरात क्षत्रपांची सत्ता होती, याची ही साक्ष होय. ही सत्ता कशी लयास गेली, याचा सर्वात बोलका पुरावा मात्र चांदीत कोरलेला आहे.

जैन बांधवांना हा विषय परका नाही. आवश्यकसूत्राच्या टीकापरंपरेत भरुकच्छच्या नहवाहन राजाची कथा येते. त्याचा कोश अपार, तर प्रतिष्ठानच्या शालिवाहनाचे सैन्यबळ मोठे. वेढा घालूनही नगर हाती येईना, तेव्हा शालिवाहनाच्या अमात्याने कपटाने नहवाहनाचा विश्वास संपादन केला व धर्मकृत्यांच्या निमित्ताने त्याचा कोश रिता करविला. धन सरले आणि नगर पडले. हा नहवाहन म्हणजेच नहपान, असे अनेक इतिहासकार मानतात.

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सर्व नाणी मूळची नहपानाची; परंतु त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविला होता.

ही नाणी ओळखावी कशी? मूळ नाण्याच्या एका बाजूस राजाचे मस्तक व भोवती ग्रीक अक्षरे असतात. दुसऱ्या बाजूस बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचे नाव. पुनर्मुद्रित नाण्यावर एकीकडे तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेषा व गौतमीपुत्राचे नाव. दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह. नव्या ठशाखालून जुन्या मस्तकाची रेषा वा एखादे अक्षर डोकावते. कोणता ठसा वर आणि कोणता खाली, एवढे नीट पाहिले की कोणाच्या नंतर कोण आले, हे कळते.

केवळ या साठ्यावरून भरुकच्छचा वेढा सिद्ध होत नाही. मात्र नहपानाची चांदी गौतमीपुत्राच्या हाती आली, हे निर्विवाद ठरते. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेखही क्षहरात वंशाच्या उच्छेदाचे श्रेय तिच्या पुत्रालाच देतो. तेथील ऋषभदत्ताच्या लेखांत ७०,००० कार्षापणांच्या दानाचा उल्लेख आहे. कथेतील दानाचा ओघ अगदीच निराधार नसावा, असे त्यावरून वाटते.

व्यापारी घराण्यांत जुनी चांदी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते आणि प्रसंगी आटविलीही जाते. प्राचीन नाणे आटविले की तोळ्याचा भाव हाती येतो, पण इतिहासाचे पान कायमचे जाते. चिंच वा आम्लाने घासल्यासही अक्षरे झिजतात. जमिनीत सापडलेले धन १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. जोगळटेंभीची नाणी मुशीत गेली असती, तर नहवाहनाची कथा केवळ कथाच राहिली असती.