तिन्हीसांजेची होडी

गेल्या मार्गशीर्षात मुलगा-सून पुण्याहून आली होती. समुद्रातून सूर्य बुडताना बघायचा म्हणून सगळे मालवणच्या धक्क्यावर गेलो. आईलाही चल म्हटलं. ती चौऱ्याऐंशीची.

"सूर्य काय बघूचो, रे? तो रोजच बुडता," म्हणाली. पण पदर खोचून निघाली मात्र सगळ्यांच्या आधी.

फायबरची होडी, मागं इंजिन, प्रत्येकाच्या अंगावर केशरी जाकीट. जाकीट घालताना आई थोडी कुरकुरली. होडी सिंधुदुर्गाच्या कडेनं निघाली तेव्हा ऊन कलतं झालं होतं, तटाचा दगड तांबूस दिसत होता. नातवाला मी सांगत होतो. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून या कुरटे बेटावर काम सुरू केलं. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतल्याची गोष्ट बखरीत आहे. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस नाव दिलं. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही, हे बरंच झालं. पोरगा पाच वर्षांचा. त्याचं सगळं लक्ष इंजिनाच्या फेसाकडे.

खरं म्हणजे किल्ल्याइतकेच राखणदार इथले खडक. पाण्याखाली ते कुठं कुठं आहेत हे तांडेलाला पाठ असावं लागतं. परक्या गलबताचा तिथंच घात व्हायचा. मुंबईची आगबोटही या खडकांमुळे धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं पडावातून तिच्यापर्यंत न्यायचं.

आज आपण दर्शनाला निघतो तो हा आमचा रस्ता होता. गोव्याकडून बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनची बोट यायची, वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी माणसं उचलत मुंबईला न्यायची. पावसाळ्यात बंद. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर कोकणातल्या बायका बोटीत चढताना आधी हात जोडत, मग पाय टाकत. पुढं एसटी आली, रस्ते झाले, १९९८ ला कोकण रेल्वे पुरती सुरू झाली. त्याच्या आधीच बोट संपली होती.

किल्ल्याच्या पुढं गेल्यावर होडी हलायला लागली. सगळे मोबाइल काढून सूर्याकडे वळले. आई मात्र पाठ फिरवून किनाऱ्याकडे बघत होती.

"तेवा असोच दिसलेलो," ती म्हणाली.

१९५८ चा वैशाख. बाबा परळच्या गिरणीत. आई अठराची, मी चार महिन्यांचा, आणि पहिल्यांदाच मुंबई. वारा सुटलेला. पडाव बोटीच्या अंगाला लागला की लाटेबरोबर वर जायचा, खाली यायचा. वर आला त्या क्षणी शिडी धरायची. वरच्या खलाशानं हात पुढं केला, आईनं मला त्याच्या हातात दिलं आणि पडाव खाली गेला. मग बाजूलाच सरकला. पुढच्या लाटेत दुसरीच माणसं चढली, तिसऱ्यात ट्रंका. तेवढ्यात बोटीनं भोंगा दिला.

हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण एक गोष्ट तिनं त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितली. भोंगा ऐकून ती पाण्यात उडी टाकायला उठली होती. शेजारच्या म्हातारीनं तिचा अंबाडा धरून तिला खाली बसवलं. वर पोचली तेव्हा मी दोरखंडाच्या वेटोळ्यात झोपलेलो. तो खलाशी पुढच्या प्रवाशाला हात देत होता. त्याचं नाव तिनं विचारलं नाही. "तेवा सुचला नाय," म्हणाली.

"बोट खंय उभी रवायची, काकी?" होडीवाल्यानं विचारलं. तो तिशीचा, त्यानं आगबोट बघितलेली नाही.

आईनं हात केला. "अजून भायर."

"भायर वारो आसा. नाय जावक येवचा."

त्यानं इंजिन जरा बंद केलं. होडी नुसतीच डुलत राहिली. सूर्य बुडाला, सुनेनं टाळ्या वाजवल्या, आईनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. नंतर ती स्वतःच म्हणाली, "चल रे बाबू, परत."

धक्क्याशी आलो तेव्हा अंधारलं होतं. ओहोटी लागलेली, होडी पायरीच्या खाली राहिली. वरच्या पोरानं आईला हात दिला. तिनं तो धरला नाही. माझ्या नातवाला काखेत धरून उचललं.

"आधी झिलाक घे," म्हणाली. आणि पोरगा वर पोचून पायरीवर नीट उभा राहीपर्यंत तिनं त्याचं जाकीट खालून धरून ठेवलं.