अळणी वाटा

भायखळा या नावाची व्युत्पत्ती देताना मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी जे दोन-तीन पर्याय सुचविले आहेत, त्यांत 'भाया नामक कुणा गृहस्थाचे खळे' हा पर्याय मला आरंभापासून अधिक जवळचा वाटत आला आहे. कारण खळे म्हटले की मळणी आली, वाऱ्यावर धरलेले सूप आले, धान्याची रास आली, आणि रास घरी गेल्यानंतर मागे उरलेल्या दाण्यांवर उतरणारा पाखरांचा थवाही ओघानेच आला. १८५३ साली या भूमीवरून आगगाडी धावू लागली, १८६२ साली राणीचा बाग उघडला, पुढे गिरण्यांनी आणि कामगारांच्या चाळींनी सारा परिसर भरून गेला, आणि खळ्याची खूण नावापुरती उरली. परंतु घरात आलेल्या धान्यातला, भाजीतला, फळातला एक लहानसा वाटा पाखरासाठी आधी बाजूला काढून ठेवण्याचा शिरस्ता चाळींच्या गॅलऱ्यांत टांगलेल्या पिंजऱ्यांपाशी अनेक पिढ्या अखंड चालू राहिला. त्या वाट्याची ही कुळकथा आहे.

आमचे बिऱ्हाड भायखळ्याच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर होते, आणि १९६० नंतरच्या ज्या दशकात मला कळू लागले त्या दशकात गॅलरीच्या आढ्याला एक राघू टांगलेला होता. पहाटे मंडईतून भाजी आली, ती निवडून धुऊन झाली, की फोडणीची कढई चुलीवर चढण्यापूर्वी, आणि मिठाच्या बरणीला हात लागण्यापूर्वी, आजी एक करवंटी पुढे ओढी. तीत रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ, मोडाची मटकी, कोशिंबिरीसाठी चोचवलेल्या काकडीतली चिमूटभर काकडी, पेरूची एक फोड आणि एक हिरवी मिरची पडे, आणि ती करवंटी पिंजऱ्यात गेल्याखेरीज घरातल्या कुणाच्याही पानात काही पडत नसे. राघूचे नाव अर्थातच मिठू होते, आणि ते नाव गोड या अर्थाच्या 'मीठा' शब्दावरून आलेले असून मिठाशी त्याचा काही संबंध नाही, हे आजी आम्हा मुलांना बजावून सांगे. त्याचा वाटा अळणीच असावयाचा. काकडी सुरीच्या टोकाने टिचून अतिशय बारीक करण्याच्या क्रियेला आपल्या स्वयंपाकघरात 'चोचवणे' म्हणतात. कोशकारांचा निर्णय काही असो, तो शब्द उच्चारताना डोळ्यांसमोर पाखराची चोच उभी राहते, आणि पाखराचे अन्न किती बारीक असावे याचे मापही तोच शब्द देऊन जातो.

हा वाटा अळणी का, याचे शारीरिक कारण उघड आहे. पस्तीस-चाळीस ग्रॅम वजनाच्या, किंवा राघूसारख्या सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या देहाला आपल्या भाजीतले मीठ सोसणारे नाही. परंतु आजीने हे कारण कुठल्या ग्रंथात वाचलेले नव्हते, आणि तिच्या आधीच्या बायकांनीही नव्हते; त्यांच्या हाताला ते वळण कुठून लागले असावे याचा विचार करताना माझे मन वैश्वदेवापर्यंत जाते. शिजलेल्या अन्नातून अग्नीला आहुती आणि भूतमात्रांना बळी देण्याच्या त्या नित्यकर्मात क्षार आणि लवण यांनी युक्त अन्नाचे हवन धर्मसूत्रांनी वर्ज्य ठरविले आहे. म्हणजे गृहस्थाच्या स्वयंपाकघरात मीठ पडण्यापूर्वी एक भाग वेगळा होणे हा अतिप्राचीन परिपाठ होता. ज्या घरांत वैश्वदेव कधीच झाला नाही, अशा कष्टकऱ्यांच्या घरांतही गोग्रास निघत होता, कावळ्याला घास जात होता, आणि लेकराला भरविताना चिऊकाऊचे घास मोजले जात होते. आधी काढून ठेवावयाचे आणि अळणी काढून ठेवावयाचे, या दोन सवयी एकत्र आल्या आणि पिंजऱ्यातल्या पाखराचा रतीब ठरून गेला, असे माझे मत आहे.

'रतीब' हा मूळचा अरबी शब्द मी जाणून वापरला, कारण पाखरांना सरकारी कोठारातून नेमलेला शिधा मिळत असल्याचा दाखला कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणात माणसांचा, हत्तीघोड्यांचा आणि कुत्र्यांचा शिधा सांगून झाल्यावर हंस, क्रौंच आणि मयूर यांच्यासाठी अर्धा प्रस्थ मुक्रर केलेला आहे. त्याच ग्रंथात अन्यत्र, सर्पाची वा विषाची शंका येताच शुकसारिका आक्रोश करतात म्हणून त्या राजगृहात असाव्यात, असे सांगितले आहे. कामसूत्राने चौसष्ट कलांत शुकसारिकांना बोलावयास शिकविणे ही एक कला गणली, आणि नागरकाच्या दिनचर्येत भोजनोत्तर वेळ तिला नेमून दिला.

परंतु मला सर्वांत प्रिय असलेला दाखला बाणभट्टाचा आहे. सातव्या शतकातल्या त्याच्या 'कादंबरी'त शूद्रक राजाच्या सभेत वैशंपायन नावाचा पोपट आणला जातो. राजाचे स्नान-भोजन आटोपल्यावर तो पोपटाला विचारतो की, अंतःपुरात काही रुचकर खावयास मिळाले की नाही, आणि पोपट जांभळाचा रस, डाळिंबाचे दाणे आणि आवळे अशी आपल्या भोजनाची यादी देऊन वर सांगतो की, राण्यांनी आपल्या तळहातावर ठेवून दिलेली वस्तू कोणतीही असली तरी अमृतच होते. मराठीने ज्या ग्रंथाच्या नावावरून एका संपूर्ण साहित्यप्रकाराला नाव दिले, तो ग्रंथ एका पाखराच्या मुखातून आलेला आहे, आणि ते पाखरू बोलू लागण्यापूर्वी त्याला ताजे अन्न मिळाले की नाही याची चौकशी झालेली आहे, ही गोष्ट कादंबऱ्या वाचणाऱ्या आपल्या समाजाने विसरू नये असे मला फार वाटते.

वैशंपायनाच्या या यादीत मिरची नाही, पेरू नाही, आणि मक्याचे कोवळे कणीसही नाही. असणे शक्यच नव्हते. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली, आणि पोर्तुगीज गलबतांची ये-जा पश्चिम किनाऱ्यावर सुरू झाल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे, ती आपल्याकडे रुजली. लाल भोपळाही त्याच खंडातला. तेव्हा चित्रांतून आणि बोलण्यातून पोपटाशी जिचे नाते आपण अनादि समजतो ती मिरची त्याच्या वाटीत चार-पाच शतकांपलीकडे असू शकत नाही. डाळिंब, बोर, जांभूळ आणि हरभरा हे तिथले जुने कुळकर्णी, आणि मिरची ही मागाहून सनद घेऊन आलेली. मात्र तिने आपला हक्क उत्तम रीतीने सिद्ध केला. सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंतील ज्या ग्राहीला कॅप्सेसिन या द्रव्याने आग लागल्याची जाणीव होते, त्या ग्राहीची पक्ष्यांतली घडण अशी वेगळी आहे की तिखटाचा दाह त्यांना होत नाही. रानमिरचीला तर हे सोयीचेच, कारण सस्तन प्राणी बी चावून नष्ट करतात आणि लहान पाखरे ते अखंड गिळून दूरवर टाकतात. पोपट बी फोडून खातो, त्यामुळे या देवघेवीत मिरचीच्या झाडाचा लाभ त्याच्या हातून होत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. मिरचीने पोपटाची जीभ सुटते आणि तो लवकर बोलतो, अशी चाळीत दृढ समजूत होती. जिभेचे राहो, पिकून लाल झालेल्या मिरचीतून मिळणारे कॅरोटीन शरीरात 'अ' जीवनसत्त्व होते, आणि नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पाखराला नेमकी त्याच जीवनसत्त्वाची उणीव भासते. समजूत चुकीची होती, पण वाटी बरोबर होती.

मैनेचा खुराक निराळा. ती फळांबरोबर किडेही खाणारी, म्हणून तिच्यासाठी भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ तुपात कालवून त्याच्या लहान गोळ्या करण्याची रीत उत्तरेकडे रूढ आहे, आणि त्या पिठाला तिकडे सत्तू म्हणतात. भायखळ्याला लागून असलेल्या मदनपुऱ्यात उत्तरेकडच्या विणकरांची वस्ती. आपल्याकडे उन्हाळ्यात गूळ-दूध घालून खातात ते सातूचे पीठ आणि हा सत्तू, दोघेही संस्कृत 'सक्तु'चेच वंशज, आणि एका गल्लीच्या अंतरावर एकाच शब्दाची दोन लेकरे, एक माणसाच्या वाटीत आणि एक मैनेच्या, नांदत होती. जर्मनीत योहान बेखश्टाइन याने १७९५ साली घरात पाळावयाच्या पक्ष्यांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात किसलेले गाजर, भिजवून पिळलेला पाव आणि जवाचे किंवा गव्हाचे पीठ खलबत्त्यात एकत्र करून घ्यावयास सांगितले आहे. म्हणजे दोन दूरच्या देशांत, परस्परांची वार्ता नसताना, घरातल्याच जिनसांतून पाखराचे ताजे अन्न करण्याची विद्या एकाच दिशेने गेली होती.

मग मधल्या काळात ही वाटी आटली. सूर्यफूल हे तेलबियांचे पीक म्हणून आपल्या देशात १९६९ च्या सुमारास आले, आणि पुढे त्याच्या बिया पाखरांच्या दुकानांतून पुड्यांनी मिळू लागल्या. पुडी आणली, डबी भरली, की दिवसाचे काम झाले. निवडणे नाही, भिजविणे नाही, बारीक करणे नाही. पाखरे त्या बिया आवडीने खातात हे खरे, परंतु त्यांत स्निग्धांश अतोनात आणि कॅल्शियम अत्यल्प, त्यामुळे पिंजऱ्यात न उडता बसलेले पाखरू त्यांवर लठ्ठ होते, यकृताच्या विकाराने खंगते, आणि त्याचे पालन करणाऱ्याला ते सुखात असल्याचाच भास होत राहतो. आमच्या शेजारी असे एक पाखरू मी पाहिले आहे, आणि त्याचा तो फुगलेला, निश्चल देह मला अजून आठवतो.

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती योग्यच घडली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांनी देशी पोपट, मैना, मुनिया यांना पकडणे, विकणे आणि कैदेत ठेवणे निषिद्ध ठरविले. आमचा मिठू त्यापूर्वीच वार्धक्याने गेला होता. आजीने पुन्हा राघू आणला नाही, आणि आज तो आणता येणार नाही याचा मला आनंद आहे, कारण राणीच्या बागेतल्या वृक्षांवर सायंकाळी कलकलाट करीत उतरणारा पोपटांचा थवा पाहिल्यावर त्यांतल्या एकाला आढ्याला टांगावे असे वाटणेच अशक्य होते. परंतु त्यामुळे असे झाले की, ज्याच्यासाठी हा आचार निर्माण झाला तो अधिकारी निघून गेला आणि आचार मात्र मागे राहिला. तो वारशाने मिळाला ऑस्ट्रेलियातून आलेल्या बजरीगरला आणि कॉकाटीलला. जॉन गूल्डने १८४० साली इंग्लंडात नेलेला बजरीगर हा मूळचा गवताच्या बियांवर जगणारा पक्षी, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे जे धान्य सर्रास विकले जाते ते राळे, ज्याला दुकानदार कांग म्हणतात आणि संस्कृत ग्रंथ कङ्गु. देशावरच्या घरांत एके काळी राळ्याचा भात हे नित्याचे अन्न होते. गहू-तांदूळ सुलभ झाल्यावर माणसाने ते सोडले, आणि पुढे शहरात त्याची ओळख 'पाखरांचे खाणे' अशी उरली.

आज माझ्या घरी बजरीगरांची एक जोडी आहे, आणि त्यांचा वाटा मी आजीच्याच शिरस्त्याने काढतो, थोडा तपशील वाढवून. मूग आणि मटकी आठ तास भिजवून, स्वच्छ धुऊन, फडक्यात बांधून इवलासा मोड येईपर्यंतच ठेवतो. पावसाळ्यात भायखळ्याची हवा अशी दमट असते की मोड लांबला तर आंबूस वास येतो; असा वास आला की ते सारे टाकून देतो, कारण बुरशी पाखराला माणसापेक्षा फार लवकर बाधते. गाजर, लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर आणि शेवग्याचा पाला चोचवून त्यात मिसळतो. दोघांना मिळून दोन-तीन चहाचे चमचे पुरतात. दोन-तीन तासांत वाटी बाहेर काढून धुतो. कांदा, चॉकलेट आणि हल्ली मंडईत दिसू लागलेले अव्होकाडो यांना पिंजऱ्याजवळ मज्जाव. सफरचंद देताना बिया काढतो. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा तापला तर त्याच्या धुराने पाखरे काही मिनिटांत मरतात, म्हणून तसा तवा घरात ठेवलेलाच नाही. विषाची वार्ता पाखराला आधी लागते असे कौटिल्याने मानले, त्याची आठवण मला स्वयंपाकघरात वारंवार होते.

भोगीच्या दिवशी आमच्याकडे राळ्याचा भात होतो. आजीचे माहेर साताऱ्याकडचे, तिचा हा नेम माझ्या आईने चालविला, आणि आता आम्ही. वाण्याकडचे राळे सडून कोंडा काढलेले, पाखरांच्या दुकानातले कोंड्यासकट, कारण तो चोचीने सोलणे हा पाखराचा अर्धा उद्योग; दोन पुड्या ओट्यावर शेजारी-शेजारी असतात. भात शिजून मोकळा झाला की झाकण काढून वाफ जाऊ देतो, मिठाची बरणी मागे सारतो, आणि चमचाभर दाणे करवंटीत काढून गार होईपर्यंत खिडकीत ठेवतो. गॅलरीतून त्या दोघांची बडबड तोवर सुरू झालेली असते.