बोनी एम : चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा
बोनी एमची गाणी आपल्याकडेही घराघरांत वाजली. या गटाचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पडतो, गाणं नेमकं कुणाचं?

सुरुवातीला गट नव्हताच. १९७०च्या दशकाच्या मध्यावर जर्मन निर्माता फ्रँक फारियन याने स्वतःच्याच आवाजात एक गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याला बोनी एम हे नाव दिलं. टीव्हीवर दाखवायला माणसं हवी होती, म्हणून कॅरिबियन बेटांवर जन्मलेले चौघे जमवले : जमैकाच्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट, मॉन्टसेराटच्या मेझी विल्यम्स, अरुबाचे बॉबी फॅरेल. १९७६च्या 'डॅडी कूल'वर युरोप नाचू लागला. १९७८मध्ये ते थेट मॉस्कोत गेले. रेकॉर्डवर लिझ आणि मार्शिया गायच्या, पण फॅरेल यांच्या ओठांवरचा जाड आवाज फारियनचा होता. १९८६मध्ये गट फुटला. पुढे त्याच नावाने वेगवेगळे गट फिरू लागले.

फारियनने तीच युक्ती मिली व्हॅनिलीत वापरली. १९९०मध्ये ती उघडी पडली, ग्रॅमी काढून घेतला गेला. नाचक्की मात्र मुख्यतः पुढे उभ्या केलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांची झाली.

आपल्या सिनेमातही नट उसन्या आवाजावर ओठ हलवतो. पण गायकाचं नाव छापलेलं असतं, म्हणून ती फसवणूक ठरत नाही. तो हक्कही सहज मिळालेला नाही. १९४९च्या 'महल'मधील 'आएगा आनेवाला'च्या रेकॉर्डवर लता मंगेशकरांऐवजी कामिनी हे पात्राचं नाव छापलं होतं.