दुप्पट इसाराचा न्याय

उमरग्याहून सोलापूर-हैदराबाद रस्त्याने तासाभराच्या वाटेवर बसवकल्याण लागतं. चालुक्यांची राजधानी असलेलं कल्याण ते हेच. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वाटणीच्या दाव्यांमुळे मिताक्षरेचं नाव प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतं. माझी सारी वकिली तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, साठेखतांच्या, म्हणजे विक्रीच्या करारांच्या, दाव्यांत गेली. त्यामुळे मला तिच्यातला वेगळाच एक भाग जवळचा वाटतो: सौदा पक्का करताना एकाने दुसऱ्याच्या हाती इसार म्हणून आपली अंगठी ठेवली आणि पुढे सौदा मोडला, तर कोणी काय सोसायचं?

विज्ञानेश्वराचा निवाडा असा. अंगठी देणारा फिरला तर त्याची अंगठी गेली. अंगठी घेणारा फिरला तर त्याने ती दुप्पट करून परत द्यायची. मूळ स्मृतीत दुप्पट परतीचा नियम एका ओळीत येतो. दोन्ही बाजूंना सारखी झळ बसेल असा त्याचा उलगडा टीकाकाराने केला. शब्द फिरवणारा कोण, एवढंच बघायचं.

त्या काळच्या कायद्याला माणसाचं मन बदलतं हेही ठाऊक होतं. मनुस्मृतीने खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांत व्यवहार उलटवण्याची मुभा दिली आहे. त्यानंतर माल परत द्यायचा नाही आणि मागायचाही नाही. याज्ञवल्क्याने तर वस्तूगणिक पारखण्याची मुदत ठरवली: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, ओढकामाच्या जनावराला पाच, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन. बियाणं उगवतं की नाही आणि गाय खरंच दूध देते की नाही, हे कळायला किती दिवस लागतात याचा विचार करूनच कोणीतरी हे आकडे बसवले असणार. त्याच यादीत दास-दासींच्याही मुदती आहेत. त्या वाचताना मन खट्टू होतं, पण त्या वगळून या नियमांचं कौतुक करणं मला जमत नाही.

मग इंग्रजांचा कायदा आला. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यात जिथे लेखी कायदा नसेल तिथे देशरिवाजाला जागा ठेवली होती. पण १८७२ चा करार कायदा आणि १८७७ चा विशिष्ट अनुतोष कायदा आल्यावर सौदा मोडण्याचा सगळा विचारच बदलला. करार मोडणाऱ्याने प्रत्यक्ष झालेलं नुकसान भरून द्यावं, हे करार कायद्याचं कलम ७३. आधीच लिहून ठेवलेली रक्कम असेल तर तेवढ्या मर्यादेत वाजवी भरपाई, हे कलम ७४. आणि जमीन किंवा घर असेल, तर पैशाने भरपाई पुरी पडत नाही असं गृहीत धरून खरेदीखतच करून द्यायला लावणारा दावा. जमिनीवर जीव टांगलेल्या शेतकऱ्याला असं संरक्षण हवंच होतं आणि ते देणं हे या कायद्यांचं मोठं काम आहे, असं मी मानते.

आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. केंद्राचा करार कायदा इकडे १९५१ साली लागू झाला. तरी इसाराची पद्धत आणि ‘सौदा फिस्कटला’ हे दुखणं सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच होतं.

नव्या व्यवस्थेत खरेदीदारावर एक ओझं आलं. आपण पैसे घेऊन सतत तयार होतो, हे त्यानेच सिद्ध करायचं. १९२८ साली अर्देशीर मामा विरुद्ध फ्लोरा ससून हा मुंबईचा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. सुनावणीआधीच खरेदीदाराने मालमत्तेचा आग्रह सोडला आणि नुसती भरपाई मागितली. निकाल लागला तेव्हा मालमत्ता नाही आणि भरपाईही नाही. करार झाल्यापासून सुनावणीपर्यंत तयारी अखंड दिसली पाहिजे, हे सूत्र त्यातून पक्कं झालं आणि पुढे १९६३ च्या नव्या विशिष्ट अनुतोष कायद्यात कलम १६ मध्ये शिरलं.

इसार जप्तीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा निकाल मी नव्या वकिलांना आवर्जून वाचायला सांगते. दिल्लीतल्या एका बंगल्याचा सौदा, किंमत १,१२,५०० रुपये. खरेदीदाराने आधी १,००० आणि मग २४,००० दिले, पण बाकी रक्कम भरली नाही. विक्रेत्याला पंचवीसच्या पंचवीस हजार गिळायचे होते. न्यायमूर्ती जे. सी. शहांनी इसार म्हणून फक्त १,००० रुपये जप्त होऊ दिले; उरलेले चोवीस हजार हा किमतीचा हप्ता, त्यातून वाजवी भरपाईच मिळेल. याउलट १९६९ च्या निकालात पारडं दुसरीकडे झुकलं. टाटा एअरक्राफ्टकडून दुसऱ्या महायुद्धातलं विमानी भंगार घेण्याचा दहा लाखांचा सौदा होता. त्यातली अडीच लाखांची रक्कम इसारच ठरली आणि पूर्ण जप्त झाली. कागदावर रकमेला काय म्हटलंय आणि ती कशासाठी दिलीय, यावर सगळं फिरतं.

यात विज्ञानेश्वराच्या नियमाची अर्धी बाजू मात्र हरवली. खरेदीदार फिरला तर इसार जातो, हे न्यायालय सहज मान्य करतं. विक्रेता फिरला तर दुप्पट परत, हे आपसूक कोणी देत नाही. तरी लोकांनी तो नियम सोडलेला नाही. इसारपावतीवर आजही सर्रास लिहिलं जातं की विक्रेता मुकरला तर दुप्पट देईल. सर्वोच्च न्यायालयात २०१२ साली निकाल लागलेल्या एका सत्तर लाखांच्या सौद्यातही सात लाखांच्या इसारावर हेच दुहेरी कलम होतं. तिथे फिरला खरेदीदार, म्हणून सात लाख जप्त झाले. विक्रेता फिरला असता तर दुपटीचा आकडा जसाच्या तसा मिळाला असता असं नाही. कलम ७४ खाली तो वाजवी भरपाईची कमाल मर्यादा ठरतो. एवढा जुना आणि दोघांना समान असलेला नियम आपल्या कायद्याने आपणहून स्वीकारायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

फ्लॅटच्या खरेदीत महाराष्ट्राने थोडी दुरुस्ती केली. १९६३ च्या मोफा कायद्याने नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक घ्यायला बिल्डरला मनाई केली. पुढे केंद्राच्या रेरा कायद्याने ती मर्यादा दहावर आणली, आणि बिल्डरने ताबा वेळेत न दिल्यास व्याजासह परताव्याचा हक्क दिला.

शेतजमिनीच्या सौद्यात असं कवच नाही. १ ऑक्टोबर २०१८ पासून खरेदीखत करून द्यायला लावणं हा न्यायाधीशाच्या मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही, पण तयारी दाखवण्याचं ओझं तसंच आहे. अजूनही अशील येतो आणि म्हणतो, ‘‘वकीलबाई, साठेखत झालंय, आता रान माझंच की!’’ साठेखताने मालकी येत नाही, ही १८८२ च्या कायद्यातली गोष्ट मी त्याला पहिल्याच भेटीत सांगते. ठरल्या तारखेला दुय्यम निबंधक कार्यालयात जा, बँकेत पैसे असल्याचा कागद सोबत ठेव, समोरचा आला नाही तर त्याच आठवड्यात नोटीस धाड, आणि दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून मोज.