चालता संसार

घर म्हटले की पाया, उंबरठा आणि दारापुढील तुळस आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. ज्याचे घर हलते त्याचा संसार अपुरा, अशीच आपली समजूत आहे. अलीकडे मात्र ही समजूत थोडी सैल होऊ लागली आहे. शय्या, चूल आणि पाण्याची टाकी बसविलेल्या मोटारीत राहून देशाटन करण्याची हौस पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आली, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने अशा ‘कॅराव्हॅन’ पर्यटनासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. काही जण तर बारमाही अशाच घरात राहतात, आणि थोडक्या वस्तूंत कसे भागते याचे अनुभव उत्साहाने सांगतात. हे अनुभव खोटे आहेत असे नाही. पण ते नवे खचित नाहीत. आज ज्या प्रदेशास आपण जालना जिल्हा म्हणतो, त्याच्या वाटांवर चालत्या संसाराची परीक्षा शतकानुशतके झालेली आहे, आणि तिचा निकाल इतिहासात नमूद आहे.

हा जिल्हा १९८१ साली अस्तित्वात आला; परंतु त्याच्या वाटा फार जुन्या. अजिंठ्याचा घाट चढून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजा, व्यापारी आणि यात्रेकरू या काळ्या जमिनीवरून गेले. त्यांतील दोन प्रवास शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे चालते घर कशाने टिकते व कशाने मोडते हे उमगते.

पहिला प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. उदगीरच्या विजयानंतर पेशव्यांची छावणी परतुडास, म्हणजे आजच्या परतूर येथे पडली होती. तेथूनच १७६० च्या मार्च महिन्यात सदाशिवरावभाऊ उत्तरेच्या स्वारीस निघाले. त्यांच्यासमवेत केवळ सेना नव्हती. बायकामुले, बाजारबुणगे आणि तीर्थयात्रेच्या ओढीने निघालेली माणसे होती. एक अख्खे नगर चालू लागले होते, आणि या नगराची अन्नाची सोय परक्यांच्या हाती होती. पानिपतावर रसदेच्या वाटा तुटल्या, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईस उभी राहिलेली सेना उपासमारीने आधीच खंगलेली होती. पराभवाची कारणे अनेक आहेत. परंतु स्वतःचे पोट स्वतः भरू न शकणारे चालते नगर हे त्यांतील एक ठळक कारण, यात शंका नाही.

दुसरा प्रवास तांड्याचा. लमाण अथवा बंजारा समाजाचे हे चालते गाव. पीटर मंडी नामक इंग्रज व्यापाऱ्यास १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे जाताना धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. बैल बंजाऱ्यांच्या मालकीचे होते, आणि बायकामुले सोबतच चालत होती. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये यानेही दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला, तर तो संपेपर्यंत प्रवाशास दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे.

हा व्याप कसा परवडे? मर्म अगदी साधे आहे. तांड्याची मजल दिवसास सहा-सात मैलांहून अधिक नसे. कारण बैल वाटेवरच्या गायरानांत चरत चरत पुढे जात. वैरण विकत घ्यावी लागत नसे, गाडीरस्ता लागत नसे, मजूर घरचेच असत. म्हणून धान्य, मीठ, साखर यांसारखा जड आणि स्वस्त माल दूरवर नेणे बंजाऱ्यांस परवडे, इतरांस परवडत नसे. घाई ज्याला आहे त्याने तांड्याच्या वाटेस जाऊ नये. काळी जमीन पावसाळ्यात चिखलाने भरली की चालणे थांबे, आणि तांडा चाऱ्यापाण्याच्या जागी चार महिने मुक्काम करी. चालत्या घरालाही ऋतूचा धाक होता, आणि तो त्याने मानला म्हणूनच ते टिकले.

संसार बैलाच्या पाठीवर मावेल एवढाच. स्थावराऐवजी संपत्ती अंगावरच्या दागिन्यांत आणि काचा-कवड्यांनी भरलेल्या वस्त्रांत. गोण्या उतरल्या की मुक्कामाचे गाव उभे राही, गोण्या चढल्या की ते उठे. तथापि हे जीवन बेबंद होते असे समजणे चुकीचे आहे. नाईक हा तांड्याचा प्रमुख; मार्ग, मुक्काम, सौदा आणि तंटा यांचा निवाडा त्याच्याकडे, आणि मदतीस कारभारी. काही तांड्यांत देवास सोडलेला एक सजविलेला बैल पुढे चाले. त्याच्यावर ओझे कधी लादीत नसत, आणि तो थकून जेथे बसे तेथे मुक्काम पडे. आपणांस ही श्रद्धा वाटेल. पण सर्वांत थकलेल्याच्या पायांनी मजल मोजावी, हा शहाणपणाही तीत दडलेला आहे. भिंती नसल्या की मर्यादा अधिक कडक ठेवाव्या लागतात, हे तांड्याने जाणले होते.

या व्यवस्थेचे मोल जालन्याच्याच भूमीवर १८०३ साली सिद्ध झाले. २ सप्टेंबरास स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला. २१ तारखेस बदनापूर येथे त्याची व वेलस्लीची भेट झाली. आणि २३ तारखेस केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईच्या रणांगणावर, शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी वेलस्लीची लढाई झाली. लढाईचे वर्णन सर्वत्र आढळते. लढाईपूर्वीच्या तांदळाचे व बैलांचे आढळत नाही. वेलस्लीच्या पत्रांत मात्र हीच चिंता वारंवार दिसते, आणि तीत बंजारी वारंवार येतात. १७९१ साली श्रीरंगपट्टणासमोरून रसदेअभावी कॉर्नवॉलिसला परतावे लागले होते. पुढील वर्षीच्या स्वारीत बंजाऱ्यांच्या धान्याने त्याची फौज जगली. तो धडा इंग्रज विसरले नाहीत. तांडा कोणत्याही एका पक्षाचा बांधील नसे. जो दाम देई त्यास तो धान्य विकी, आणि दोन्ही सैन्यांस त्याची गरज असल्याने सहसा कोणी त्यास लुटीत नसे. वाटेवरचा हा अलिखित अभय हेच चालत्या घराचे खरे छप्पर होते.

हे छप्पर तोफेने उडाले नाही. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि १९०० च्या सुमारास निजामाच्या मुलखातील हैदराबाद-मनमाड लोहमार्ग जालन्यावरून गेला. जो माल तांडा महिनोन्‌महिने वाही तो आता थोड्या दिवसांत पोहोचू लागला. इकडे पडीत जमीन लागवडीखाली येत गेली आणि राने सरकारी राखणीत गेली, तेव्हा फुकटची चराईही गेली. त्याहून मोठा घाव कायद्याचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, आणि बंजाऱ्यांचे काही गटही त्यातून सुटले नाहीत. ज्यांच्या धान्यावर फौजा पोसल्या, त्यांच्या हिंडण्याचाच सरकारास संशय येऊ लागला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. चार वर्षांनी मराठवाडा हैदराबाद संस्थानाच्या जुन्या मुलखातून फुटला. आज हाच समाज तेलंगणात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या. ज्यांनी सीमा कधी जुमानल्या नाहीत त्यांचे हक्क सीमेने ठरावेत, हा इतिहासाचा क्रूर विनोद होय.

तांडे स्थिरावले, गावाबाहेर त्यांची वस्ती झाली, नाव मात्र ‘तांडा’ हेच राहिले. पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातील वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, ही गोष्ट या समाजाच्या कर्तृत्वाची साक्ष देते. परंतु सर्वांच्या नशिबी स्थैर्य आलेले नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना-बीडकडील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात; त्यांत बंजारा कुटुंबेही असतात. बैलगाडी, ट्रॅक्टर वा ट्रक, त्यावर भांडी आणि लेकरे. मुक्कामास पाचटाची कोपी. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि त्यावर मुकादमाची आगाऊ उचल. पाहणाऱ्यास हा जुना तांडाच भासेल. पण तांड्याचे बैल व मजल तांड्याच्या स्वाधीन होती. कोपीची मजल उचलीच्या स्वाधीन आहे. मुलांची शाळा तेवढी मागे राहते.

थोडक्यात भागवावे, ऋतू ओळखावा, दुबळ्याच्या चालीने चालावे, हे चालत्या घराचे धडे मोलाचे आहेत, आणि मोटारीतील संसारासही ते लागू पडतील. परंतु त्यांच्या मुळाशी आणखी एक धडा आहे. हलते घर सुखाचे की दुःखाचे, हे चाकांवर वा बैलांवर ठरत नाही. चालावे की थांबावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि वाटेवरच्या पाण्याचाऱ्यावर त्याचा हक्क मानला जातो की नाही, यावर ते ठरते. हौसेने निघालेल्या प्रवाशास हा अधिकार न मागता मिळतो. परतूरच्या वेशीबाहेरून कारखान्याकडे निघालेल्या कुटुंबास तो अद्याप मिळावयाचा आहे.